गौरव, मान आणि वजन : ख्रिस्ती उपासनेच्या मराठी परिभाषेचा एक विचार

१

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी झाला आहे. एक अंग चरित्रात्मक-ऐतिहासिक आहे. फादर थॉमस स्टीफन्स, बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक या नावांभोवती ते फिरते. दुसरे अंग भाषांतराचे आहे. पवित्र शास्त्राची मराठी रूपांतरे कोणी, कधी आणि कोणाच्या साहाय्याने केली, याची नोंद त्यात होते. ही दोन्ही अंगे महत्त्वाची आहेत यात शंका नाही. मात्र दर रविवारी सामान्य माणसे एका सुरात जी भाषा उच्चारतात, त्या उपासनेच्या भाषेकडे संहिता म्हणून पाहण्याचा प्रयत्न आपल्याकडे क्वचितच झाला. कवितेचा कवी सापडतो, भाषांतराचा भाषांतरकार सापडतो. उपासनेच्या वाक्याला मात्र असा एक कर्ता नसतो. ते वाक्य म्हणणारा समुदाय हाच त्याचा कर्ता आणि तोच त्याचा श्रोता असतो. कदाचित त्यामुळेच ते समीक्षेच्या कक्षेबाहेर राहिले असावे.

प्रस्तुत लेखात या भाषेतील दोनच संज्ञा विचारासाठी घेतल्या आहेत : ‘गौरव’ आणि ‘मान’. ख्रिस्ती उपासनेत त्या पुष्कळदा जोडीने येतात. प्रकटीकरणाच्या चौथ्या आणि पाचव्या अध्यायांत सिंहासनासमोरचा समुदाय देवाला आणि वधलेल्या कोकराला ज्या गोष्टी अर्पण करतो, त्यांत या दोन आहेत. प्रार्थनेच्या शेवटी, स्तोत्राच्या शेवटी, आशीर्वचनात त्या पुन्हा भेटतात. इतक्या वेळा भेटतात की त्यांचा अर्थ विचारावा असे कोणाला वाटत नाही.

मला तो विचारावा लागला तो एका विद्यार्थिनीमुळे. नांदगाव खंडेश्वर हे खंडेश्वराच्या यादवकालीन मंदिरामुळे ओळखले जाणारे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. येथे बी. ए.च्या वर्गात टिळकांची कविता शिकवताना ‘देवाचा गौरव’ हा शब्दप्रयोग माझ्या तोंडून सहज गेला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, देवाचा गौरव करायचा म्हणजे कसा? आपण गॅदरिंगला पाहुण्यांचा करतो तसा?” वर्ग हसला. मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आजच्या मराठीत ‘गौरव’ म्हटले की डोळ्यांसमोर शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह उभे राहते. गौरवसमारंभ, गौरवग्रंथ, गौरवसमिती हे शब्द आठवतात. ज्याला हा शब्द धर्मसंहितेतून परिचित नाही, त्याने त्याचा याखेरीज दुसरा कोणता अर्थ करावा?

२

प्रथम मूळ शब्दांकडे जाऊ. हिब्रू बायबलमधील मध्यवर्ती संज्ञा ‘काबोद’ ही आहे. तिचा धातू ‘जड असणे’ या अर्थाचा. त्याच धातूपासून यकृताचे नाव आले, कारण ते शरीरातील जड इंद्रिय. निर्गमच्या कथेत फारोचे मन ‘जड’ होते, तेही याच धातूने. पहिल्या शमुवेलाच्या चौथ्या अध्यायात या धातूचा एक विलक्षण उपयोग आहे. देवाचा कोश शत्रूंनी नेल्याचे ऐकताच वृद्ध याजक एली आसनावरून मागे कोसळतो आणि त्याची मान मोडते. तो म्हातारा आणि ‘जड’ होता, असे निवेदक सांगतो. लगेच त्याची सून प्रसूत होते आणि मुलाचे नाव ‘ईखाबोद’ ठेवते : काबोद गेले, या अर्थाने. याजकाच्या देहाचे वजन आणि इस्राएलाचे हरवलेले वैभव यांना निवेदकाने एकाच धातूने बांधले आहे. मराठी भाषांतरात हे बंधन सुटते, कारण तेथे एलीला ‘जड’ किंवा ‘स्थूल’ म्हणावे लागते आणि मुलाच्या नावाचा अर्थ सांगताना निराळा शब्द योजावा लागतो.

त्याच धातूने दहा आज्ञांतील आईबापांविषयीची आज्ञा दिली आहे. आईबापांचा मान राखायचा म्हणजे मूळ शब्दाप्रमाणे त्यांना ‘जड’ मानायचे, त्यांचे वजन ओळखायचे. या धातूचा विरोधी धातू ‘हलके असणे’ या अर्थाचा. तुच्छ लेखणे, शाप देणे या क्रिया त्यातून निघतात. एलीच्याच कथेत देव म्हणतो त्याचा आशय असा : जे मला जड मानतात त्यांना मी जड करीन आणि जे मला तुच्छ मानतात ते हलके होतील.

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या परिसरात हिब्रू धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आले, तेव्हा ‘काबोद’साठी ‘डॉक्सा’ हा शब्द योजला गेला. तोवर ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होता ‘मत’, ‘दिसणे-वाटणे’, आणि त्यावरून ‘लौकिक’. प्लेटोच्या संवादांत ‘डॉक्सा’ हे ज्ञानाच्या खालच्या पायरीवरचे, नुसते मत असते. वजनाच्या शब्दाच्या जागी मताचा शब्द आला आणि हळूहळू त्याच शब्दाने वजनाचा व तेजाचा अर्थ पेलला. भाषांतराच्या इतिहासातील हे मोठे अर्थांतर होय. दुसरी संज्ञा ‘तिमे’. तिचा अर्थ मान, पण तसाच ‘किंमत’, ‘मोल’. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या अखेरीस पौल सांगतो की तुम्ही मोलाने विकत घेतलेले आहात, म्हणून आपल्या शरीराने देवाचे गौरव करा. तेथील मोल म्हणजे ‘तिमे’. मोल आणि गौरव हे दोन्ही शब्द एका वाक्याच्या अंतरावर आहेत. मात्र या ‘मोला’त आपल्या परिचयाचा ‘मान’ दडला आहे, हे मराठी वाचकाला दिसत नाही.

आता आपल्या शब्दांकडे पाहिले तर एक गमतीचा योग दिसतो. ‘गौरव’ हे ‘गुरु’ या विशेषणाचे भाववाचक नाम. गुरु म्हणजे जड. ‘गुरुत्व’, ‘गरिमा’ ही त्याची भावंडे. ‘मान’ हा शब्द आदर या अर्थी ‘मन्’ म्हणजे ‘समजणे, मानणे’ या धातूचा, तर माप या अर्थी तो ‘मा’ म्हणजे ‘मोजणे’ या धातूचा. म्हणजे ‘गौरव’ हा ‘काबोद’चा जवळजवळ अक्षरशः प्रतिशब्द आहे, ‘मान’ हा एका बाजूने ‘डॉक्सा’च्या मूळ अर्थाला आणि दुसऱ्या बाजूने ‘तिमे’च्या मोलाला भिडतो. नव्या करारातील ‘डॉक्सा’साठी मराठी भाषांतरकारांनी ‘गौरव’ योजला, तेव्हा जाणून असो वा नकळत, ते ग्रीक शब्दाच्या मागे जाऊन हिब्रू शब्दापाशी पोचले. पौलाने दुसऱ्या करिंथकरांसच्या चौथ्या अध्यायात क्षणिक हलक्या संकटासमोर गौरवाचा सार्वकालिक भार ठेवला आहे. मराठीत ‘गौरवाचा भार’ ही खरे तर द्विरुक्ती ठरते. पण ती द्विरुक्ती आहे हे आज कोणाच्या कानाला जाणवत नाही, आणि खरा प्रश्न तेथेच सुरू होतो.

३

येथे एक आक्षेप गृहीत धरला पाहिजे. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. जेम्स बार या अभ्यासकाने १९६१ साली बायबलच्या अर्थविचारावरील आपल्या ग्रंथात हाच मुद्दा कठोरपणे मांडला. शब्दाचे मूळ खणून काढायचे आणि ते प्रत्येक वाक्यावर लादायचे, ही धर्मशास्त्रज्ञांची खोड त्याने उघडी केली. शब्दाला अर्थ मिळतो तो वाक्यात आणि वापरात. त्याचा हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून ‘गौरव म्हणजे मुळात जडपणा, सबब उपासनेतही तोच अर्थ घ्या’, असा युक्तिवाद मी करीत नाही. वापराकडेच पाहू.

प्रचलित मराठी पवित्र शास्त्रात ‘काबोद’साठी एकच शब्द येत नाही. संदर्भानुसार कधी तेज, कधी वैभव, कधी महिमा, कधी गौरव असे शब्द येतात. भाषांतराची विसंगती म्हणून यावर टीका करता येईल. पण समीक्षकाला त्यात एक सूक्ष्म विभागणी दिसते. प्रत्येक नामाबरोबर मराठीत कोणते क्रियापद येते, ते पाहावे. तेज फाकते. वैभव असते, ते भोगले जाते, कधी लयाला जाते. महिमा वर्णिला जातो, गायिला जातो. गौरव केला जातो. मान दिला जातो, घेतला जातो, राखला जातो.

यातून प्रत्येक शब्दाची नाट्यभूमी वेगळी होते. तेजाला पाहणारा लागतो. महिम्याला सांगणारा लागतो. क्षेत्रमहिमा, व्रतमहिमा, नाममहिमा या रचनांनी महिमा म्हणजे सांगण्याची गोष्ट हे आपल्या मनावर ठसवले आहे. महिमा आधीपासून असतो, कथन त्याला फक्त उघड करते. गौरवाचे तसे नाही. ‘गौरव करणे’ या क्रियापदात गौरव हा कृतीचा परिणाम आहे. समारंभाआधी तो नव्हता, समारंभानंतर झाला. शिवाय तो करणारा बहुधा अधिकारी असतो. समाज व्यक्तीचा, संस्था सेवकाचा, ज्येष्ठ कनिष्ठाचा गौरव करतात. शिष्याने गुरूचा ‘गौरव केला’ असे म्हणताना जीभ किंचित अडखळते. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नात हीच अडखळ होती. माणसाने देवाचा गौरव करायचा म्हणजे देवाला प्रशस्तिपत्र द्यायचे की काय?

ग्रीकमध्ये ही अडचण कमी आहे, कारण देवाजवळ असलेले ‘डॉक्सा’ आणि माणसाने करायचे ‘डॉक्साझेइन’ हे एकाच मुळातून आलेले दिसतात. जे आहे त्याला ‘आहे’ म्हणणे, एवढाच त्या क्रियापदाचा भाव. मराठीत नाम आणि क्रिया यांची ही सांगड तुटली आहे. देवाजवळ आहे ते बहुधा तेज, वैभव, महिमा. माणसाने करायचा तो गौरव. वाचकाला ही दोन निरनिराळी द्रव्ये वाटतात.

स्तोत्रसंहितेतील एकोणतिसाव्या स्तोत्राच्या आरंभी स्वर्गीयांना गौरव आणि सामर्थ्य देवाला ‘द्या’ असे सांगितले आहे. हे देणे विचित्र आहे, कारण ज्याला द्यायचे ते त्याचेच आहे. गंगेचे पाणी ओंजळीत घेऊन गंगेलाच अर्घ्य देणाऱ्या माणसाला हे विचित्र वाटणार नाही. तेथे देणे म्हणजे भर घालणे नव्हे. जे ज्याचे आहे ते त्याच्या नावाने मोकळे करणे होय.

४

या संदर्भात एका लहानशा क्रियापदाकडे लक्ष वेधायचे आहे. ते क्रियापद ‘असो’. लूकच्या दुसऱ्या अध्यायातील देवदूतांच्या गानात मूळ ग्रीक वाक्याला क्रियापदच नाही. उच्चस्थानी देवाला गौरव, एवढेच. ते विधान आहे की इच्छा आहे, हे ग्रीक वाक्य सांगत नाही. मराठीत असे उघडे वाक्य उपासनेत टिकत नाही. भाषांतरकाराला ‘आहे’ किंवा ‘असो’ यांतून निवड करावी लागते आणि बहुतेक ठिकाणी ‘असो’ निवडला जातो. याउलट पेत्राच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातील स्तुतिवचनात मूळ ग्रीकमध्ये ‘आहे’ असे स्पष्ट क्रियापद आहे. प्रभूच्या प्रार्थनेच्या अखेरीस जे स्तुतिवचन म्हटले जाते, तेही ‘आहे’च्या बाजूचे. मत्तयाच्या प्राचीनतम हस्तलिखितांत ते नाही. म्हणजे उपासक समुदायाच्या ओठांवरून ते संहितेत उतरले असावे. समुदायाने स्वतः जोडलेले वाक्य निश्चयार्थी असावे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

‘असो’ या रूपाने मराठीत दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे वाक्याला आशीर्वादाचा, इच्छेचा रंग येतो. दुसरी अशी की याच रूपाने आपण बोलण्याचा विषय आटोपतो. ‘असो. पुढे जाऊ.’ हे दोन्ही अर्थ एका रूपात राहतात, हा मराठीचा स्वभाव आहे. पण उपासनेच्या अखेरीस तो धोकादायक ठरू शकतो, कारण तेथे ‘गौरव असो’ हे समाप्तीचे चिन्ह बनून जाते. स्तोत्र संपले, आता बसायचे, एवढाच त्याचा व्यवहार उरतो.

जे. एल. ऑस्टिनच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनंतर भाषिक कृतींचा विचार आपल्याकडेही परिचित झाला आहे. काही वाक्ये वस्तुस्थिती सांगत नाहीत, ती काही घडवतात. ‘गौरव असो’ काय घडवते? देवाच्या ठायी ते काही घडवीत नाही. धर्मशास्त्र तसे मानणार नाही. मग घडते ते म्हणणाऱ्याच्या ठायी. वाक्य उच्चारणारा स्वतःचे स्थान ठरवतो. मी हलका आहे, तू जड आहेस. मी ज्या ज्या गोष्टींना वजन दिले, त्या या क्षणी वजनदार नाहीत. उपासनेतील गौरवाचे वाक्य म्हणजे तराजूची पारडी पुन्हा लावण्याची कृती. यशयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील तक्रार हीच आहे, की लोक ओठांनी देवाला जड मानतात, पण त्यांचे अंतःकरण दूर आहे. वाक्य उच्चारले गेले, पारडी मात्र हलली नाहीत.

५

जड मानण्याचा हा अनुभव आपल्या परंपरेला परका नाही. निर्गमच्या तेहतिसाव्या अध्यायात मोशे देवाचे तेज पाहण्याची मागणी करतो. त्याला खडकाच्या फटीत उभे केले जाते आणि पाठमोरे दर्शन घडते. मुख पाहण्याची परवानगी नाही. भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन तशीच मागणी करतो. त्याला दिव्य दृष्टी मिळते, सगळे दिसते, आणि मग ते सोसत नाही. तो ओळखीचे रूप परत मागतो. तेथील एक तपशील आपल्या विषयाला अगदी जवळचा आहे. विश्वरूप पाहिल्यावर अर्जुनाला आठवते ते खेळताना, जेवताना, निजताना केलेल्या थट्टेचे अपराध. आपण याला सखा म्हणून हाक मारली, मान दिला नाही, याची तो क्षमा मागतो. आणि त्याच ठिकाणी कृष्णाला ‘गरीयान्’ म्हटले आहे. ‘गुरु’ या विशेषणाचे हे तुलनात्मक रूप, म्हणजे ‘अधिक जड’. ज्ञानेश्वरांनी या अध्यायात भयाला आणि सलगीला एकत्र नांदवले, ते मराठी वाचकाला सांगायला नको. वजन कळल्यावाचून मान देता येत नाही, आणि वजन कळले की आधी दिलेली सलगी लाजवते, हा क्रम दोन्ही परंपरांत सारखा आहे.

दोन्हींचा मार्ग मात्र येथून वेगळा होतो. गीतेत विराट रूप आवरले जाते आणि सौम्य रूप परत येते. गौरव आणि जवळीक आळीपाळीने येतात. योहानाच्या शुभवर्तमानात गौरवाची जागाच बदलते. तेथे पुत्राच्या गौरवाची ‘घटका’ म्हणजे वधस्तंभाची घटका. गुन्हेगाराला नागवे करून, वेशीबाहेर, सर्वांच्या तोंडावर लज्जित करण्याचे जे साधन, तेथे गौरव प्रकट होते असे हा लेखक म्हणतो. जेथे मान उरत नाही, तेथेच गौरव. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील प्राचीन स्तोत्रात रिकामे होणे, दास होणे, वधस्तंभावरील मरण आणि मग देवपित्याचे गौरव असा उतार-चढाव आहे. ‘गौरव’ आणि ‘मान’ या जोडशब्दांत येथे एक ताण निर्माण होतो. उपासनेत ते शेजारी उभे असतात, पण कथेत एकाच्या पूर्ततेसाठी दुसऱ्याला गमवावे लागते.

६

हा ताण वऱ्हाडातील खेड्यात काय होतो, हे पाहिल्याशिवाय विवेचन पुरे होणार नाही, कारण ‘मान’ हा शब्द येथे पुस्तकी नाही. पोळ्याला तोरणाखालून पहिली बैलजोडी कोणाची जाणार, हा मान. पालखीला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, लग्नात कोणाला टोपी, कोणाला उपरणे, कोणाला नुसता रामराम, हा मानपान. हा मान माणसाच्या गुणावर अवलंबून नसतो, तो घराण्याला आणि जातीला चिकटलेला असतो. तो मोजका असतो. एकाला दिला की दुसऱ्याचा कमी होतो, म्हणून त्यावरून भांडणे होतात. ‘मा’ धातूचे मोजमाप येथे अगदी जिवंत आहे.

त्याचप्रमाणे ‘गौरव’ या शब्दात मेलेले वजनाचे रूपक बोलीत मेलेले नाही. ‘त्याच्या शब्दाला वजन आहे’, ‘भारदस्त माणूस’, ‘वजनदार पुढारी’ असे आपण म्हणतो. याच्या दुसऱ्या टोकाला ‘हलका’ आहे. हलकी कामे, हलके लोक, आणि एका पिढीपूर्वी उघडपणे, आज दबक्या आवाजात, ‘हलकी जात’. हिब्रूतील जड-हलके ही जोडी ज्या सामाजिक अर्थाने चालते, त्याच अर्थाने ती मराठीत चालते. बारच्या आक्षेपाला माझे उत्तर हेच आहे. येथे मी मेलेली व्युत्पत्ती उकरत नाही. बोलीत श्वास घेणारे रूपक दाखवतो आहे. ते फक्त ‘गौरव’ या शब्दात पोचत नाही, एवढेच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळांच्या काळात वऱ्हाडात मिशनचे काम पसरले. अकोला, खामगाव, अमरावती या ठिकाणी केंद्रे उभी राहिली. त्या प्रार्थनागृहांत जे लोक आले, त्यांत अनाथ मुले आणि गावगाड्याने ‘हलके’ ठरवलेले लोक पुष्कळ होते. गावात ज्याला मान नव्हता, तो माणूस रविवारी उभा राहून देवाला गौरव आणि मान देत होता. देण्यासाठी आधी जवळ असावे लागते. ज्याच्याजवळ काहीच नाही असे गाव म्हणत होते, त्याला या वाक्याने दात्याच्या जागी उभे केले. गावच्या व्यवस्थेत मान देण्याचाही मान लागत असे; देवाच्या गाभाऱ्याशी जाऊन पूजा करण्याचा अधिकार सर्वांना नव्हता. अमरावतीच्या अंबादेवी मंदिराच्या प्रवेशासाठी १९२७ साली सत्याग्रहाचे पाऊल उचलावे लागले, ही गोष्ट याच भूमीतील आहे. देवासमोर उभे राहून त्याला जड मानण्याचा अधिकार हा नुसता भक्तीचा प्रश्न नसून माणसाच्या वजनाचा प्रश्न आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने स्पष्ट केले. पुढे त्यांनी त्या देवासमोर उभे राहण्याचाच आग्रह सोडला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दुसरा मार्ग घेतला, हा या प्रश्नाचा आणखी पुढचा टप्पा.

याचा अर्थ ख्रिस्ती उपासनेने हा प्रश्न सोडवला असा नाही. जातीच्या आठवणी प्रार्थनागृहाच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवता येत नाहीत. हे नव्या करारालाही ठाऊक होते. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय प्रभूच्या गौरवाचा उल्लेख करून सुरू होतो आणि पुढच्याच वाक्यात सभेतल्या बसण्याच्या जागांवर येतो. सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा, मळक्या कपड्यांतल्याला पायाशी. गौरव आणि बैठकव्यवस्था एकामागोमाग यावीत हा योगायोग नाही. एकाच ठिकाणी वजन आहे असे म्हटल्यावर सभेत दुसरी वजने मांडता येत नाहीत, एवढाच तो युक्तिवाद आहे.

टिळकांना हे उमगले होते असे मला वाटते. १८९३ साली नागपूर-राजनांदगाव प्रवासात हाती आलेल्या नव्या करारापासून सुरू झालेला त्यांचा प्रवास १८९५ साली बाप्तिस्म्यापर्यंत आला. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. दरबार हा शब्द वैभवाचा, मानकऱ्यांचा, क्रमाने मांडलेल्या बैठकींचा. पण टिळकांच्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही यावेत अशी कल्पना होती. मानाचा शब्द घ्यायचा आणि त्यातली मानाची उतरंड काढून टाकायची, ही त्यांची पद्धत. अभंगाच्या घाटात ख्रिस्ताला माउली आणि गुरू करताना त्यांनी हेच केले. ‘गौरव’ ज्या ‘गुरु’पासून निघतो, तो गुरू त्यांच्या कवितेत शिष्याच्या शेजारी येऊन बसतो. शिक्षकाच्या मेजामागचा भारदस्तपणा त्याला नाही, आणि तरी वजन आहे.

७

आजच्या मराठी उपासनागीतांचा विचार करता एक खंत नोंदवावीशी वाटते. विशेषणे वाढली आहेत. थोर, महान, सर्वोच्च, गौरवशाली यांची रांग लागते. हिंदी गीतांच्या प्रभावाने ‘महिमा’ची आवर्तने होतात. आवर्तन हा दोष नव्हे, नामजपाच्या परंपरेला तो दोष वाटणारही नाही. पण शब्द वाढले म्हणून वजन वाढत नाही. आपल्या शास्त्रपरंपरेत ‘गौरव’ हा शब्द दोषवाचकही आहे, हे येथे आठवावे. थोडक्यात सांगता येणारे विनाकारण वाढवून मांडले तर नैयायिक आणि वैयाकरण त्याला ‘गौरव’ म्हणतात. ‘लाघव’ हा त्यांच्या मते गुण. देवाच्या गौरवासाठी भाषेत लाघव हवे, हा विरोधाभास मला अर्थपूर्ण वाटतो. एली कोसळतो आणि मूल जन्मते, त्या प्रसंगात निवेदकाने एकही मोठे विशेषण वापरलेले नाही.

या लाघवाचे टोक म्हणजे मौन. पासष्टाव्या स्तोत्राच्या हिब्रू आरंभात देवाला मौन हीच स्तुती, असा अर्थ निघतो. अनेक भाषांतरांनी तो सोडून दिला. आमच्या भागात मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मौन श्रद्धांजली वाहिली जाते. एरवी गजबजलेला तो परिसर काही क्षण निःशब्द होतो. त्या क्षणात उभे राहिलेल्या माणसाला ‘वजन’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आणि कोणालाही आपल्या पाया पडू न देणाऱ्या गाडगेबाबांना या मुलखाने जे वजन दिले, ते मान घेणाऱ्या कोणत्या मानकऱ्याला दिले?

राजे शलमोनाने बांधलेल्या मंदिरात देवाचे तेज भरले, तेव्हा याजकांना सेवेसाठी उभे राहता येईना, असे पहिल्या राजे ग्रंथाच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. ज्यांचा तेथे उभे राहण्याचा मान होता, त्यांनाच जागा उरली नाही. गौरवाची याहून नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही. ते आले की मानकऱ्यांना बाहेर व्हावे लागते.

त्या विद्यार्थिनीला मी त्या दिवशी काही तरी पाठ्यपुस्तकी उत्तर दिले. आज विचारले तर एवढेच सांगेन, की गॅदरिंगमध्ये आपण पाहुण्याला शाल देतो तेव्हा त्याचे वजन वाढवतो, निदान तसा समज असतो. उपासनेत माणूस गौरव उच्चारतो तेव्हा आपल्या हातातली सगळी वजने खाली ठेवतो : घराण्याचे, जातीचे, पदाचे, पदवीचेही. आणि ज्याला जगाने आयुष्यभर हलके म्हटले, त्याला त्या क्षणी खाली ठेवायला काहीच नसते. म्हणून तोच ते वाक्य सर्वांत सहज म्हणू शकतो.